आप्पांच्या वहीतली कोयना: उगमापासून वाशिष्ठीपर्यंत

साताऱ्याकडच्या वर्तमानपत्रांत पावसाळाभर एक छोटी चौकट येते. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर अशी तीन नावं, प्रत्येकापुढे चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये, मग १ जूनपासूनची बेरीज आणि सगळ्यात खाली धरणातला साठा, टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, ही चौकट सकाळच्या चहाआधी वाचत आणि एका लांबट वहीत उतरवून घेत. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. सुट्टीत मी पाटणला असले की वाचायचं काम माझं, लिहायचं त्यांचं. नवज्याचा आकडा मोठा आला की ते मान न वर करता विचारायचे, "परत वाच बघू."

आप्पा विशीत होते तेव्हा, १९५६ च्या सुमारास, कोयना धरणाच्या कामावर मजूर म्हणून लागले. पुढे खलाशी, म्हणजे खात्यातले मदतनीस, झाले आणि नोकरीच्या शेवटच्या बऱ्याच वर्षांत पर्जन्यमापकाची नोंद ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. ज्या धरणाला त्यांनी दगड वाहिले त्याच धरणाच्या पाण्यात त्यांचं स्वतःचं गाव गेलं. भाऊबंद रायगड जिल्ह्यातल्या वसाहतीत गेले. आप्पा नोकरीमुळे कोयनेच्या कॉलनीत राहिले आणि निवृत्तीनंतर पाटणला आले. मी आज पुण्यात एका शाळेत भूगोल शिकवते ते त्यांच्यामुळे. हे मी त्यांना ते असताना सांगितलं होतं, याचं समाधान आहे.

ते गेल्यावर अस्थी कराडला प्रीतिसंगमावर, कोयना कृष्णेला मिळते तिथे सोडल्या. तेव्हापासून आईच्या मनात होतं की कोयना एकदा उगमापासून बघायची. मे महिन्याचा शेवट मुद्दाम निवडला. एक तर तेव्हा धरणातलं पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं आणि बुडालेल्या गावांची जोती कुठे कुठे उघडी पडतात. दुसरं म्हणजे १ जून. कोयनेचं जलवर्ष त्या दिवशी सुरू होतं. आप्पा म्हणायचे, "हा आपला पाडवा."

पहिला दिवस: क्षेत्र महाबळेश्वर

पुण्याहून पहाटे निघालो. वाई, पसरणीचा घाट, पाचगणी. सुट्टीची गर्दी अपेक्षेप्रमाणे होती, तिच्याबद्दल वेगळं लिहीत नाही. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत न थांबता सरळ सहाएक किलोमीटरवरच्या क्षेत्र महाबळेश्वरला गेलो.

पंचगंगेच्या देवळात गार, ओलसर, काळ्या दगडाचा वास होता. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी इथे एकत्र येऊन गोमुखातून कुंडात पडतं. आईने ओंजळ धरली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मागे रांग होती, पण कुणी घाई केली नाही. एका आजींनी तर तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

इथेच, याच कुंडापाशी, मी सहावी-सातवीत असताना आप्पांनी मला एक प्रश्न घातला होता. "या पाचांतल्या कुठल्या नद्या पश्चिमेला जातात?" पुस्तकातलं उत्तर मला येत होतं: सावित्री आणि गायत्री. सावित्री बाणकोटला अरबी समुद्रात जाते. कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेला, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. आप्पा म्हणाले, "आणि कोयना?" मी परत पूर्वेलाच म्हटलं. त्यांनी उत्तर सांगितलंच नाही. दिवाळीच्या सुट्टीत मला पोफळीला नेलं आणि दाखवलं. त्याबद्दल पुढे येईलच.

आप्पांची शिकवायची हीच रीत होती. उत्तर एका ठिकाणी आणि प्रश्न दुसऱ्या ठिकाणी. मधलं अंतर चालायला लावायचे. वर्गात मी आजही हेच करू बघते आणि एका तासात चाळीस मुलांबरोबर ते किती अवघड आहे हे रोज कळतं.

दुपारी ऊन असूनही वारा गार. कोपऱ्यावर एक मावशी करवंदं आणि जांभळं विकत होत्या. आईने करवंदं घेतली. काळी गोड आणि लाल आंबट असे दोन वाटे वेगळे करून तिने आंबट सगळी स्वतःकडे ठेवली. पंचगंगेला जायचं तर सकाळी आठच्या आत जा. नंतर पार्किंगमध्येच तास मोडतो.

दुसरा दिवस: तापोळा आणि जुनं गाव

महाबळेश्वर ते तापोळा रस्ता पंचवीस-तीस किलोमीटरचा, उतरता आणि वळणावळणाचा. पेट्रोल वर महाबळेश्वरलाच भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा, कारण खाली नेटवर्कचा भरवसा नाही. वळणांवरून खाली शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, दिसायला लागतो. पावसाळ्यानंतर इथे डोंगराच्या पायाशी निळं पाणी टेकलेलं असतं. मेच्या शेवटी मात्र काठ खूप मागे गेलेला होता. मधे तांबड्या, भेगाळलेल्या मातीचे पट्टे, एकाखाली एक. पाणी कुठल्या आठवड्यात कुठवर होतं ते त्या पट्ट्यांवरून वाचता येतं. आप्पांना हे वाचायला आवडलं असतं.

बोटीचे दर ठरलेले असतात आणि फलकावर लिहिलेले असतात. आम्हाला मात्र ठरलेल्या ठिकाणी जायचं नव्हतं. आईने गावाचं नाव सांगितल्यावर तिथल्या तरुण मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि साठीच्या पुढच्या एका नावाड्याला हाक मारली. काकांनी नाव ऐकलं, आईकडे बघितलं आणि विचारलं, "कुणाच्या तुम्ही?"

आईने आप्पांचं नाव सांगितलं. काकांना आप्पा माहीत नव्हते, पण भावकी माहीत होती. म्हणाले, "आमचा बा गेलाच न्हाय. पाणी आलं तसं वर सरकलो. जमीन मिळाली ती पार लांब, तिकडं आमचं कोण व्हतं?" कोयनेच्या पाण्यात शंभराच्या आसपास गावं गेली. बरेचजण सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगले. काकांच्या वडिलांसारखे काही डोंगराच्या अंगाला वर चढले आणि तिथेच राहिले. त्यांच्यासाठी शाळा, दवाखाना, बाजार सगळं पाण्यापलीकडे. घरटी एकजण मुंबईला, बहुतेक माथाडीत. काकांनीही तरुणपणी मशीद बंदरला ओझी वाहिली होती.

बोट तासाभराने एका उघड्या टेपाडाला लागली. पुढे घोट्यापर्यंत चिखल, मग टणक माती. आणि मग एकदम जोती. ओळीने. घडीव नव्हेत, साध्या दगडांची, काठावर गाळ साचलेली. एक फुटकं जातं. आंब्याचे बुंधे, कापलेले, काळे पडलेले. पाणी भरण्याआधी झाडं तोडून नेली होती, हे आप्पांनी सांगितलेलं मला एकदम आठवलं.

आप्पांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर गावाचा नकाशा आहे. पेन्सिलीने काढलेला, उत्तर दिशेच्या बाणासकट. देऊळ, विहीर, चिंच, चावडी आणि घरांचे चौकोन, प्रत्येकात आडनाव. हा नकाशा त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर काढला असावा, कारण अक्षर थरथरतं आहे. आम्ही वही उघडून उभ्या राहिलो. काकांनी आधी भैरोबाच्या देवळाचा चौथरा शोधला. देव गावाबरोबर रायगडला गेला, चौथरा राहिला. तिथून विहीर सापडली, कडेचे दगड तेवढे वर, बाकी गाळाने भरलेली. मग विहिरीपासून तिसरं जोतं. आईने पावलं टाकून ते मोजलं. नकाशातला चौकोन लांबट होता आणि हे जोतंही लांबट होतं. पुढे सोपा, मधे माजघर, मागे गोठा.

आई या घरात कधीच राहिली नाही. तिचा जन्म १९६४ चा, कॉलनीतला, आणि तोवर इथे पाणी आलं होतं. मला वाटलं होतं ती रडेल. तिने चपला काढल्या, सोपा होता तिथे बसली, डबा उघडला आणि म्हणाली, "काका, तुम्ही पण बसा. आमच्या घरी आलात, जेवल्याशिवाय जायचं नाही." पोळ्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. काका आढेवेढे न घेता बसले. त्यांनी कागदात बांधून आणलेला खर्डा पुढे केला. ऊन डोक्यावर होतं आणि कुठेही सावली नव्हती, तरी आम्ही तिथे बराच वेळ बसलो. काका एकेका जोत्याकडे बोट दाखवून सांगत होते: हे इथले आता वाशीला, हे पनवेलला, यांचं कुणी उरलं नाही.

आप्पा धरणाबद्दल अभिमानाने बोलायचे. उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरच्या वर, आणि त्या दगडांतले काही आपल्या हाताने बसवलेले. त्याच संध्याकाळी ते गावाबद्दलही बोलायचे, विहिरीचं पाणी, भैरोबाची जत्रा, भावाने लावलेला फणस. मी कॉलेजात असताना एकदा जरा आवाज चढवून त्यांना विचारलं होतं की तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे. ते शांतपणे म्हणाले, "दगड मी लावले आणि पाणी माझ्याच घरात आलं. दोन्ही खरं आहे. एक सांगायला लागलीस की दुसरं पण सांगायचं." नदीजोड असो, धरण असो, रस्ता असो, वर्गात मी हाच नियम पाळते. त्या टेपाडावर बसून मला त्या वाक्यातला 'घरात' हा शब्द पहिल्यांदा नीट दिसला. आम्ही तिथेच बसलो होतो.

संध्याकाळी वळीव आला. आधी धूळ, मग गारा, मग झोडपणारा पाऊस. तापोळ्यात आम्ही एका घरगुती ठिकाणी उतरलो होतो. दिवे गेले ते रात्रभर आले नाहीत. ताईंनी मेणबत्त्या लावल्या आणि नाचणीची भाकरी, तलावातल्या माशांचं कालवण, कच्च्या फणसाची भाजी असं वाढलं. कालवणात चिंचेऐवजी कोकम होतं, घाटावर आणि कोकणात दोन्हीकडे पाय असलेली चव. फणसाची भाजी मी तीनदा घेतली.

अंधारात आई भूकंपाबद्दल बोलली. ११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या आत. ती तेव्हा तीन वर्षांची होती, तिला स्वतःचं काही आठवत नाही. आजीने सांगितलेलं तिने मला सांगितलं. आधी फळीवरची भांडी पडली. मग भिंत. आप्पांनी घोंगडीसकट दोघींना बाहेर ओढलं. शेजारची खोली बसली होती. कोयनानगरमधली बहुतेक घरं त्या रात्री पडली आणि परिसरात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. वीजनिर्मिती थांबली, थेट मुंबईतले दिवे गेले. उजाडायच्या आत आप्पा धरण बघायला गेले. परत येऊन म्हणाले, "उभं आहे." आणि मग थंडी वाजून आल्यासारखे कापायला लागले. पुढचे कित्येक आठवडे तंबूत काढले.

आप्पा मरेपर्यंत उशाशी बॅटरी आणि पलंगाखाली चपला सरळ ठेवून झोपायचे. पुण्यात, चौथ्या मजल्यावर, मीही तशीच झोपते.

तिसरा दिवस: पाटण

सकाळी परत वर महाबळेश्वर, तिथून केळघर घाटाने मेढा, सातारा, मग महामार्गाने उंब्रज आणि आत वळून पाटण. नकाशावर तापोळा आणि कोयनानगर एकाच तलावाच्या दोन टोकांना आहेत, पण रस्त्याने हा असा मोठा वळसा पडतो. पूर्ण दिवस हाताशी ठेवा. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, कारण आप्पांना ते लागायचेच.

पाटणचं घर आता दुसऱ्यांचं आहे. आम्ही शेजारच्या काकूंकडे गेलो. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि मग जे सांगितलं ते आईलाही अर्धंमुर्धंच माहीत होतं. निवृत्त झाल्यावर आप्पांच्या ओट्यावर रोज दुपारी माणसं यायची. धरणग्रस्त. कुणाचं नाव संकलन रजिस्टरात चुकलेलं, कुणाला मिळालेली जमीन सातबाऱ्यावर चढलेली नाही, कुणाच्या वडिलांचा दाखला सापडत नाही. आप्पा त्यांचे अर्ज लिहून द्यायचे. सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत, तारखेसकट. पैसे घ्यायचे नाहीत. काकू म्हणाल्या, "चहा मात्र आमच्याकडनं जायचा. पंधरा-पंधरा कप. मी म्हणायचे आप्पा, दुकान तुमचं आणि गॅस माझा."

मला सुट्टीतले ते लोक आठवत होते. धोतर, टोपी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. मला वाटायचं आप्पांचे मित्र आहेत. पाऊस लिहिणाऱ्या त्याच हाताने आणि बहुधा त्याच पेनाने हे अर्जही लिहिले जात होते. कोयनेच्या धरणग्रस्तांचा प्रश्न साठ वर्षांनंतरही मिटलेला नाही, त्यांची आंदोलनं आजही होतात. म्हणजे त्यांतले काही अर्ज अजून कुठल्यातरी कपाटात असतील.

काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, आमटी, कैरीचा तक्कू. अंधार पडायच्या आत कोयनानगर गाठलं.

चौथा दिवस: कोयनानगर

धरणाच्या भिंतीवर सर्वसामान्यांना जाता येत नाही. सुरक्षेची कडक व्यवस्था आहे आणि ती असायलाच हवी. फोटोबद्दलच्या सूचना पाळा. पर्यटकांसाठी नेहरू उद्यान आहे, तिथून धरण समोर दिसतं.

आम्ही सकाळीच गेलो. रात्रीच्या पावसाने हवा धुतली होती. आप्पांनी शिकवल्याप्रमाणे मी आधी मधले सहा वक्राकार दरवाजे मोजले, मग दोन्ही बाजूंच्या उंच भागांकडे बघितलं. कोयना धरण रबल काँक्रीटचं आहे, म्हणजे मोठमोठे दगड ठेवून त्यांच्या भोवती काँक्रीट भरत वर नेलेलं. १९६७ च्या भूकंपात भिंतीच्या उंच भागांना, जिथे तिची जाडी एकदम कमी होते त्या पातळीला, आडव्या भेगा गेल्या. धरण फुटलं नाही. नंतर त्या भागांना मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू दिले. ते टेकू आप्पांनी मला इथूनच बोट दाखवून दाखवले होते. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. म्हणाले होते, "हे बघ, हे नंतरचं आहे. आधीच्या फोटोत नसतं."

जलाशय भरल्यामुळे भूकंप होऊ शकतात याचं जगभर दिलं जाणारं सगळ्यात ठळक उदाहरण कोयना आहे. इथे आजही लहान धक्के बसतात आणि स्थानिक लोक त्यावर भुवईसुद्धा उचलत नाहीत. चहाच्या टपरीवरचा मुलगा म्हणाला, "पत्रे वाजले की समजायचं." भूकंपाच्या अभ्यासासाठी या भागात तीन किलोमीटर खोल भोक जमिनीत घेतलं गेलं आहे, कराडजवळ त्याची संशोधन संस्था आहे. माझ्या नववीच्या मुलांना भूगर्भ शिकवताना मी पुस्तकातल्या आकृतीआधी हे सांगते. सह्याद्रीचा काळा कातळ तीन किलोमीटर भेदणं म्हणजे काय, यावर वर्ग चांगला पंधरा मिनिटं बोलतो.

दुपारी नवज्याला गेलो. ओझर्डे धबधब्याला मेमध्ये पाणी नव्हतं, नुसता काळा कडा. तरी मला जायचं होतं, कारण नवजा हे माझ्यासाठी लहानपणापासून चौकटीतलं नाव. पावसाळ्यात इथे पाच हजार मिलिमीटर पार होणं नवलाचं नाही. याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावमध्ये वर्षाला पाचशे झाला तरी लोक चांगलं वर्ष म्हणतात. मिलिमीटर म्हणजे काय हे आप्पांनी मला अंगणात शिकवलं. खडूने एक मीटरचा चौकोन आखला, एक लिटर पाणी त्यात सारखं पसरवलं आणि म्हणाले, "हा एक मिलिमीटर. आता असे पाच हजार." मी त्या चौकोनावर उभी राहून वर बघितलं होतं. पाच हजार म्हणजे पाच मीटर, आमच्या कौलांच्याही वर. तोच खडूचा चौकोन मी दर जूनमध्ये शाळेच्या गच्चीवर आखते. शेजारी मुलांनी बाटली कापून केलेलं पर्जन्यमापक असतं आणि वहीत नोंद करायची पाळी आठवड्याला बदलते.

ओझर्डे बघायचा असेल तर जुलै ते सप्टेंबर. जळवांची तयारी ठेवा, पायात पूर्ण बूट घाला आणि जंगल खात्याच्या वेळा आधी विचारून घ्या. हा सगळा भाग कोयना अभयारण्याच्या, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत आहे. कराड-चिपळूण एसटी कोयनानगरवरून जातात, गाडी नसली तरी अडत नाही.

शेवटचा दिवस, १ जून: कुंभार्ली, पोफळी, चिपळूण

कोयना महाबळेश्वरहून साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकला पूर्वेकडे वळून कराडची वाट धरते. आमचा रस्ता तिथून पश्चिमेला, कुंभार्ली घाटाकडे. आणि पाण्याचा मोठा हिस्साही पश्चिमेलाच जातो, आमच्या खालून, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून.

आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. नदी पूर्वेला वाहते, पण तलावाचं पाणी घाटाखाली पावणेपाचशे मीटरच्या आसपास सोडलं की वीज होते. पोफळीला भूमिगत वीजगृह. तिथलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडतं, अलोऱ्याला आणखी एकदा वीज करतं आणि मग वाशिष्ठी नदीत जातं. सगळे टप्पे धरून १९६० मेगावॅट. पश्चिमेकडे किती पाणी वळवायचं याचा वर्षाचा कोटा कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवून दिला आहे, ६७.५ टीएमसी. तो १ जूनला नव्याने सुरू होतो. पावसाची बेरीजही त्या दिवशी शून्यावर येते. आप्पा त्या सकाळी वहीचं नवं पान उघडत, वर तांबड्या शाईने साल घालत आणि आजीला गोड करायला सांगत. शिरा ठरलेला.

घाटमाथ्यावर ढग खाली उतरले होते. दोन मुली पानांच्या द्रोणांत करवंदं विकत उभ्या होत्या. पावसाळ्यात या घाटात धुकं इतकं दाटतं की पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत, तेव्हा उजेडातच उतरा.

पोफळीचं वीजगृह आतून बघायला परवानगी लागते आणि ती आम्ही काढली नव्हती, रस्त्यावरून बघायचंच ठरलं होतं. आईने गाडी थांबवायला सांगितली. मी तिला १९९९ च्या मार्चची आठवण करून दिली. चौथ्या टप्प्यासाठी तेव्हा लेक टॅपिंग झालं होतं: तलाव रिकामा न करता खालून बोगदा थेट तळापर्यंत नेला आणि उरलेला कातळ स्फोटाने उडवला. आप्पांनी त्या दिवशी पाटणच्या अंगणात घमेल्यात पाणी भरलं, खालून खिळा लावला आणि मला हातोडी दिली. घमेलं आजीचं होतं. आईला हे माहीतच नव्हतं. ती पोफळीच्या त्या रस्त्याकडेला हसत सुटली. "म्हणून ती नवं घमेलं आणायला सांगत होती होय!"

चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलावर उतरलो. उन्हाळ्यात कोकणातल्या कितीतरी नद्या कोरड्या पडतात, वाशिष्ठीला पाणी असतं ते वरून सोडलेल्या कोयनेचं. हे पाणी इथून दाभोळच्या खाडीला आणि अरबी समुद्राला जातं. महाबळेश्वरला आईच्या ओंजळीत होतं ते पाणी कुठल्या दिशेला गेलं असेल, हे कुणालाच सांगता येणार नाही. पुलावर भेटलेल्या एका दुकानदारांनी २२ जुलै २०२१ च्या पुराची खूण दाखवली. ती माझ्या डोक्याच्या वर होती. दुकानात नवी फळी, नवी वायरिंग, आणि वह्या-कागद सगळे माळ्यावर. "आता खाली काही ठेवत नाही," म्हणाले. मी त्यांना आप्पांबद्दल सांगितलं तर त्यांनी रोजचा पाऊस मोबाईलवर बघतात ते दाखवलं. कोयनानगर, नवजा, सोबत चिपळूण.

जेवायला सुरमई, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी. शिरा त्या खानावळीत नव्हता, म्हणून आईने शेजारच्या हॉटेलातून मागवून घेतला.

जेवताना तिने रायगडला तिच्या चुलतभावाला, माझ्या मामाला, फोन लावला आणि जोत्यांचे फोटो पाठवले. दोन मिनिटांत त्याचा परत फोन. पाठोपाठ मामी, मग मामाची वहिनी, मग कोणीतरी नव्वदीच्या आत्या, ज्यांना फोटो मोठा करून दाखवत होते. आत्यांनी विहिरीचा फोटो ओळखला आणि आप्पांच्या नकाशात एक घर चुकलं आहे असंही ठामपणे सांगितलं. चावडीमागचं. तिथे कोण राहत होतं ते त्यांनी सांगितलं आणि मी ते पेन्सिलीने नकाशात लिहून घेतलं, त्यांच्या नावासकट आणि तारखेसकट.

पुढच्या मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं आहे. वसाहतीतले वीसएकजण होतील, म्हणजे दोन बोटी लागतील. काकांना तसं कळवलंय. आत्यांना चिखलातून नेता येईल का, हे विचारलं तर ते म्हणाले, पाणी किती उतरतं त्यावर आहे, वीस मेनंतर फोन करा, मी आधी जाऊन बघून येतो.